उन्हात ठेवलेलं झाकण

अगं, कान जरा इकडे कर, आणि ते हसणं आधी थांबव बघू! मी पाठवलेल्या फोटोत माझ्या पापडांशेजारी आहे ते कॉम्प्युटरचं झाकणच आहे. आमच्या वरच्या मजल्यावरचे शेजारी पूर्वीचे, टीव्हीला जोडायचे कॉम्प्युटर दुरुस्त करतात. कॅसेटच्या जागी मेमरी कार्ड बसवतात आणि मग स्वतःच खेळत बसतात. हरले की मशीनलाच म्हणतात, "काय पावणं, लई माज आलाय व्हय?" पिवळं पडलेलं प्लास्टिक औषध लावून उन्हात ठेवलं की पांढरं होतं, म्हणून गच्ची.

परवा कोडोलीच्या एक बाई वारलेल्या भावाचा कॉम्प्युटर न्यायला आल्या. झाकण दुधासारखं पांढरं झालेलं. बाईंनी त्यावर हात फिरवला.

"इथं त्यानं पेनानं नाव लिहिलं होतं."

उन्हानं उडालं म्हटलं असतं तर बाईंना पटलं असतं.

"माझ्या हातनं गेलं," शेजारी म्हणाले. "डाग समजून मीच घासलं. इचारायला पायजे होतं."

आणि आपलं सगळ्यात लाडकं मशीन त्यांनी पुढं केलं. बाईंनी ते घेतलं नाही. भावाचं तेवढं छातीशी धरून गेल्या.

आता कुणीही आलं की औषधाची बाटली उघडायच्या आधी शेजारी एकेका डागावर बोट ठेवतात आणि विचारतात, "ह्यो ऱ्हाऊ दे का काढू?" लोकांना वाटतं, म्हातारा चक्रम आहे. मी आपले पापड सरकवून झाकणाला जागा करून देते.

बरं, रजा काढ आणि ये गं लवकर.