भामामावशीचा धवला

बेलपाड्याची भामामावशी धवलारीण. म्हणजे आमच्या आगरी लग्नांत धवला, म्हणजे लग्नविधीची पारंपरिक गाणी, गाऊन लग्न लावणारी बाई. एके काळी तिच्याशिवाय गावात लग्न लागत नव्हतं. मग खारघर उभं राहिलं, जमिनींचे पैसे आले, पैशांमागून डीजे आणि ड्रोन आले आणि मावशीला लोक फक्त जेवायला बोलावू लागले. मी तिचा सख्खा भाचा. तिच्या नातीच्या लग्नातलं आठवलं की आजही माझं टाळकं फिरतं.

नात मनस्वीचं लग्न ठरलं तेव्हा मावशी मुलापुढे हटून बसली. "माज्या नातीचा धवला मीच गानार."

मुलगा परेश, बिल्डर. त्याला सगळं कसं झकपक हवं होतं. पण म्हातारी ऐकेना. शेवटी म्हणाला, "बरा, गा आये. पन झटपट उरक."

मावशीचा आवाज बसत चालला होता. लग्नापर्यंत ती कोमट पाणी पीत, भांडी घासता घासता धवला घोकत राहिली. एकदा धरलेला धवला मध्येच सोडायचा नाही, हा तिचा कडक नियम.

रोडपालीच्या हॉलमध्ये साऊंडवाल्या मिथुनने तिच्या हातात बिनवायरचा माईक दिला. "ताणू नका मावशी, माईक पोचवेल आवाज." तिने गायला सुरुवात केली आणि तो थकलेला आवाज खरोखर हॉलभर भरला. पुढे बसलेल्या गावातल्या जनीआजीने डोळ्यांना पदर लावला. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू?

आणि एकदम स्पीकरमधून एका पुरुषाचा आवाज फुटला. शेजारच्या हॉलमध्ये कुणाचातरी वाढदिवस होता, तिथल्या ऑर्केस्ट्राचा गायक आमच्या हॉलमध्ये गात होता! मावशीचे ओठ हलत होते, पण तिचा आवाज गायब.

मी धावत मिथुनकडे गेलो. त्याने कपाळावर हात मारला. दोन्ही हॉलचा मालक एक, त्याने स्वस्तात आणलेले माईकही एकाच फ्रिक्वेन्सीचे. "माईक आवाजाचा सिग्नल करून हवेत सोडतो, हा रिसीव्हर तो पकडतो," मिथुन सांगू लागला. "एकाच चॅनेलवर दोन सिग्नल आले की हा जोरातला घेतो, दुसऱ्याला पार दाबून टाकतो." रिसीव्हर भिंतीला टेकलेला, भिंतीपलीकडेच तो गायक. मावशी लांब, स्टेजवर.

रिसीव्हरच्या डब्याला माणसाची ओळख कुठून असणार? त्याच्यावर माझा राग नाही.

मिथुनने वायरचा माईक उचलला, तेवढ्यात परेशने त्याचं मनगट धरलं. "ऱ्हाऊ दे रे. पब्लिक नाचतेय बघ."

खरंच नाचत होते. नाचगाण्याचा कार्यक्रम सुरू झाला असं समजून पाहुणे खुर्च्या सरकवून उठले होते. वर मावशी गातच होती. आपला आवाज येत नाही हे तिला कळलं होतं, पण धवला सोडता येत नव्हता. गळ्याच्या शिरा ताणून ती घराण्यातल्या गेलेल्यांना नावं घेऊन लग्नाला बोलावत होती, आणि खाली त्यांचेच नातू शिट्ट्या मारत होते.

"परेश, आई आहे ती तुझी," मी ओरडलो.

"म्हनूनच गाऊ दिला ना," तो म्हणाला आणि नाचायला गेला.

धवला संपवून मावशी खाली उतरली. "मस्त गायलीस हां," जो तो म्हणत होता. एकानेही ऐकलं नव्हतं.

मनस्वी माहेरी आली तेव्हा मी तिथेच होतो. तिने आजीपुढे फोन धरला. "आजी, तुझा रील बघ ना, कसला व्हायरल झालाय!" पडद्यावर मावशी जीव तोडून गात होती आणि आवाज त्या ऑर्केस्ट्रावाल्याचा. खाली कमेंट्समध्ये हसून लोळणारे चेहरे.

मावशीने तो पुन्हा लावायला सांगितला. शेवटपर्यंत पाहिला. मग नातीच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "पोरी, तुजा लगीन लागलाच नाय गो."

मनस्वी खळखळून हसली. तिला वाटलं, आजी मस्करी करतेय.