‘मी पडलो’ म्हणणारी सुनंदा

सुनंदाच्या स्नेहलचा फोन आला तेव्हा मी भाजीवाल्याशी मेथीच्या पेंढीवरून वाद घालत होते. “मावशी, आई गेली,” एवढंच म्हणाली पोरगी. कुठं गेली, असं विचारणार होते मी... सुनंदा माझी शाळेतली सोबतीण, विज्ञान शिकवायची. सकाळी स्वयंपाकघरात छातीत कळ आली, घरात कुणी नाही, शेजारणीनं दार वाजवलं तोवर सगळं संपलेलं. महिना होत आला, पण माझा राग जात नाही. एकटीनं जावं अशी बाईच नव्हती ती.

सायकलचं खूळ तिचंच. आजऱ्याकडच्या मूकबधिर मुलांच्या शाळेला श्रवणयंत्रं हवी होती. मुख्याध्यापक म्हणाले, मदतीचं पत्रक काढू. ही ताडकन उठली, “पत्रकानं काय हुतंय सर? कोल्हापूर ते सावंतवाडी सायकल मारूया. लोक बघतील, देतील की!” स्टाफरूम खो खो हसली, आणि मग एकेक जण गुपचूप सायकलीला तेल घालायला लागला. गुडघेदुखीवालेसुद्धा! नारंगी टी-शर्ट आले, बाहीवर मदतीच्या गाडीतला फोन नंबर. गाडीत आमचे नवे क्लार्क वानखेडे, नागपूरचे, साधा सरळ माणूस.

आजऱ्यात त्या मुलांच्या शाळेतच मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी आंबोलीचा घाट उतरायला लागलो. धुकं असं, की स्वतःच्या सायकलचं पुढचं चाक दिसेना. ब्रेक दाबून दाबून बोटं बधिर झाली. घाटाखाली चहाच्या टपरीवर पोचले तर सगळ्यांच्या मागं राहायचं सोडून वानखेडे गाडी घेऊन आधीच हजर! त्यांना वाटलं, सगळे पुढं गेले. यायचे राहिले होते तिघं : चित्रकलेचे कांबळे सर, शिपाई तानाजी आणि सुनंदा. फोन कुणाचाच लागेना. तेवढ्यात वानखेड्यांच्या मोबाइलवर अनोळखी नंबरावरून मेसेज आला. “मी पडलो. घाटात हाय. मांडी फाटलीया. रक्त थांबेना. गाडी पाठवा.”

“कांबळे सर नाहीतर तानाजी,” म्हणत वानखेडे गाडी वळवायला लागले, तर ते दोघं धुक्यातून भिजलेले, हसत समोर उभे! सुनंदा दिसली का, विचारलं. “धुक्यात कोण दिसतंय बाई, म्होरंच असंल.” वानखेड्यांनी गाडी बंद केली. “मग हा आपल्यातला नाहीच ना! पुरुष माणसं तर सगळी आली. मॅडम येऊन राहिल्या असतील आरामात.” आणि त्यांनी चहा सांगितला.

मी त्यांच्या हातातून मोबाइल ओढला. मेसेज वाचला आणि ओळखलंच. बाहेरच्यांना म्हणून सांगते, आमच्या कोल्हापुरात बायका ‘मी आलो, मी गेलो’च म्हणतात. मी मराठी शिकवते म्हणून लिहिताना सांभाळते, चिडल्यावर माझंही सुटतं. सुनंदा तर नोकरीच्या मुलाखतीतसुद्धा ‘मी बीएस्सी झालो’ म्हणाली होती! मी किंचाळले, “अहो, बाप्या न्हाय हा! आमची सुनी हाय! आमच्यात बाईसुद्धा ‘पडलो’च म्हणती! चला की, बघताय काय?”

घाट परत चढताना वानखेड्यांचा हात हॉर्नवरून निघाला नाही. मी खिडकीतून हाका मारत होते. एकेक वळण रिकामं. रक्त थांबेना, थांबेना... हेच डोक्यात. देवाला नवस बोलले, मग शिव्या घातल्या, मग परत नवस. आणि रस्त्याखालच्या एका मोरीच्या कठड्याशी नारंगी काहीतरी दिसलं. तिचा फोन फुटला होता. एका मोटारसायकलवाल्याच्या फोनवर तिनं मेसेज लिहून दिला होता, आणि तो रेंज शोधायला वर गेला होता. मांडी स्कार्फनं आवळलेली, ओठ पांढरे. मला बघून म्हणाली, “वंदे, गाडी माझ्यासमोरनं गेली गं. मी बोंबललो, कुणी बघितलं न्हाय.” आणि रडायला लागली. तिला रडताना मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

टाके पडले, जखम भरली. श्रवणयंत्रंही आली. पुढच्या वर्षी मात्र कायम पुढं पळणारी ही बया सगळ्यांच्या मागं राहिली. “मागं मी हाय. जावा तुम्ही बिनघोर.” त्यानंतर दर वर्षी तेच. कुणाची साखळी पडो, कुणाला पेटके येवोत, मागून तिचा आवाज यायचाच. वानखेडेसुद्धा तिच्याच भरवशावर गाडी सोडून सायकलवर बसले.

गेल्या रविवारी आम्ही सराव म्हणून राधानगरी रस्त्याला निघालो. जरा पुढं गेल्यावर कांबळे सर बुटाची नाडी बांधायला थांबले. तानाजीची साखळी पडली म्हणे, पण साखळी जागेवर होती. मीही ब्रेक दाबला. “व्हा म्होरं, मी येतो मागनं,” वानखेडे म्हणाले... चक्क कोल्हापुरीत. कुणीच पुढं होईना. शेवटी सगळे रस्त्याच्या कडेला पाय टेकून उभे राहिलो, आणि मला रडू फुटलं. इतकी वर्षं आमच्या मागं राहिलेली बाई तिच्या घरात एकटी पडली, आणि तिच्या मागं आमच्यातलं कुणीसुद्धा नव्हतं.