दादांची निळी पूड

सकाळी ऑफिसला निघतानाच दादांच्या मुलीचा, इराचा फोन आला. "काका, बाबा इज नो मोर," एवढंच म्हणाली. शारजात वाढलेली मुलगी; आम्ही मराठीत विचारायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, हे नेहमीचंच. पण त्या दिवशी ते इंग्रजी ऐकवेना. विनायकदादांना जाऊन आता सहा आठवडे झाले.

दादा रास अल खोर भागातल्या एका गोदामात सुपरवायझर होते. मी त्यांच्या हाताखाली लागलो आणि पुढे त्यांच्याच इमारतीत राहायला गेलो. त्यांच्या मोठ्या आतड्याला कायमची सूज होती. दिवसातून दहा-बारा वेळा धावावं लागे, रक्त पडे. घरापासून गोदामापर्यंत वाटेतल्या प्रत्येक पेट्रोलपंपाचं, मशिदीचं स्वच्छतागृह त्यांना पाठ होतं. त्यावरून आम्ही त्यांना चिडवायचो, तेही हसायचे. पण कुणाच्या घरी कार्य असलं की ते जेवत नसत, दाराजवळची खुर्ची धरून बसत, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

मग गोदामात मशीन बसवायला एक जपानी इंजिनिअर आला. त्यालाही हाच आजार होता आणि तिकडच्या पारंपरिक वैद्यकातली, निळीच्या झाडापासून केलेली पूड त्याला लागू पडली होती. डॉक्टरांना सांगूनच घ्या, हृदय तपासत राहा, असं तो बजावून गेला. दादांनी पूड लक्षात ठेवली, बाकीचं सोडून दिलं. ऑनलाइन मागवली... आणि महिन्याभरात रक्त थांबलं. बोटं निळी, जीभ निळी आणि माणूस आमच्याकडे मांडी घालून मिसळ खातोय. "खलास, पोट आहे हेच विसरलो बघ," म्हणाले. मला त्या दिवशी इतका आनंद झाला की मीच त्यांना दुसऱ्यांदा वाढलं.

वर्षभराने जिना चढताना त्यांना धाप लागू लागली. हृदयाच्या डॉक्टरांकडे मीच घेऊन गेलो. फुप्फुसांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढला होता. "और कोई दवा? देसी, जडीबूटी, कुछ भी?" डॉक्टरांनी विचारलं. दादा नाही म्हणाले आणि माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत धाक नव्हता, विनवणी होती... मी गप्प बसलो. गाडीत बसल्यावर म्हणाले, "पूड बंद करा म्हणाले असते रे. मला परत तसं जगायचं नाही."

त्याच दुखण्यात ते गेल्यावर मी त्याच डॉक्टरांना सगळं सांगून आलो. ते रागावले नाहीत. त्या पुडीनेही हा दाब वाढतो, आधी कळलं असतं तर पहिल्यांदा ती पूडच थांबवली असती, पुष्कळांना तेवढ्याने उतार पडतो, असं म्हणाले. दादांचा मला राग येत नाही, माझाच येतो. गेल्या आठवड्यात दाढ दुखते म्हणून दवाखान्यात गेलो. काही औषध चालू आहे का, असं तिथल्या डॉक्टरांनी विचारलं. नाही म्हणणारच होतो... मग ओवा खाल्ला, हळदीचं दूध घेतलं, दाढेत लवंग धरली, एकेक सांगत बसलो. ते हसून पुरे म्हणाले. मला मात्र थांबता येईना.