एकाला तीन की तिनाला एक

आमच्या ह्यांना कामावर सगळे तुरटीमामा म्हणतात. सगळ्या गावाचं पाणी जिथे स्वच्छ होतं त्या फिल्टरहाउसात तुरटी आणि चुना कालवायचं काम ते बावीस वर्षं करतायत. नदीचं गढूळ पाणी आत येतं, तुरटीनं त्यातला गाळ गोळा होऊन तळाला बसतो, आणि तुरटीनं पाण्याला येणारा आंबटपणा मारायला चुना. काम एवढंच. पण माणूस असा, की घरी आल्यावर चपला काढायच्या आधी नळाचं ओंजळभर पाणी तोंडात घेणार, घोळवणार, मग आत येणार. माझी भाजी कधी इतकं लक्ष देऊन चाखलेली नाही.

प्रमाण शिकवलं जुन्या मुकादमांनी, पहिल्याच दिवशी. तीन पोती तुरटीला एक पोतं चुना, पोती सारख्या वजनाची. का, ते ह्यांनी विचारलं नाही आणि मुकादमांनी सांगितलं नाही. मुकादम वारले, तरी प्रमाण तेच चालू राहिलं.

यंदा कचेरीतून कागद आला. पोती उचलणाऱ्यांनी परीक्षा द्यायची, पास होईल तो ऑपरेटर, नापास होईल तो पाइप पुरणाऱ्या टोळीत. ह्यांचा उजवा गुडघा असा, की मोरीतून उठताना भिंत धरावी लागते. खड्ड्यात उतरून फावडं मारणार कुठून? म्हणून एक्कावन्नाव्या वर्षी हे अभ्यासाला बसले. लेक लग्न होऊन परगावी गेली, तिचं दहावीचं विज्ञानाचं पुस्तक माळ्यावर होतं, ते काढलं. मी शिवणकाम करते. माझ्या मशीनशेजारी स्टूल टाकून हे वाचायचे, तेही मोठ्यानं, म्हणजे माझीही शिक्षा.

अभिक्रियांचे प्रकार वाचून दोघांचं डोकं भंजाळलं. दोन पदार्थ मिळून एक झाला तर संयोग. एकाचे दोन झाले तर अपघटन. एकानं येऊन दुसऱ्याला हुसकावलं तर विस्थापन. इथवर ठीक, नातेवाइकांत हे सगळं पाहिलेलं आहे. दुहेरी विस्थापनाला मात्र ह्यांचं घोडं अडलं. शेवटी मी दोन शर्ट पुढे टाकले आणि म्हटलं, "ह्याची कॉलर त्याला, त्याची ह्याला. शर्ट दोनच राहिले ना? झालं."

मग समीकरण संतुलित करणं आलं. डावीकडे जेवढे अणू तेवढेच उजवीकडे हवेत. हे काय करायचे, तर आकडा जमेना की पदार्थाच्या पायाशी असलेला छोटा आकडाच खोडून बदलायचे. पुस्तकात स्पष्ट छापलंय, छोट्या आकड्याला हात लावायचा नाही, फक्त पुढे मोठा आकडा मांडायचा. मी म्हटलं, "अहो, गिऱ्हाइकाला दोन शर्ट हवेत म्हणून एकाच शर्टाला चार बाह्या लावाल का?" तेव्हा कुठे जमायला लागलं.

परीक्षा रविवारी होती. त्याआधीच्या मंगळवारी कचेरीनं दिलेल्या झेरॉक्स कागदांत तुरटी आणि चुन्याचंच समीकरण निघालं. हे खुलले. म्हणाले, हे तर आपल्या घरचं. आणि वाचता वाचता एका ओळीवर बोट ठेवून थांबले.

"अगं, इथे उलटं लिहिलंय."

"काय उलटं?"

"तुरटीच्या पुढे आकडाच नाही. म्हणजे एक. चुन्याच्या पुढे तीन."

"छापताना चुकलं असेल."

ह्यांनी दोन्हीकडचे अणू मोजले. मग मी मोजले. बरोबर जुळत होते. एक तुरटी, तीन चुना. आणि हा माणूस बावीस वर्षं तीन तुरटी, एक चुना टाकत होता.

त्या दिवसापासून घरात सुतक पडल्यासारखं झालं. हे जेवेनात. "मी सगळ्या गावाला आंबट पाणी पाजलं," म्हणायचे. माझा मुतखडा त्यांच्यामुळे, शेजारच्या काकूंचे केस गळतात ते त्यांच्यामुळे, नळाच्या तोट्या गंजतात त्याही त्यांच्यामुळे. मी वैतागून म्हटलं, "काकूंच्या मागच्या तीन पिढ्या टकल्या आहेत, त्यांनाही तुम्हीच पाणी पाजलं का?" हसू आलं नाही त्यांना. खरं सांगते, मलाही आतून धास्ती बसली होती. छापलेलं खोटं कसं असेल? आणि पाण्यात खोट असती तर बावीस वर्षं कोणाला कळलं कसं नाही? दोन्ही गोष्टी खऱ्या वाटायच्या आणि दोन्ही एकत्र बसेनात. फिल्टरहाउसातल्या लॅबच्या बाई पाणी तपासतात, त्यांना विचारायचं, तर त्या शुक्रवारपर्यंत रजेवर. नवे साहेब रस्त्यांच्या खात्यातून आलेले, त्यांना डांबराखेरीज काही ठाऊक नाही.

शुक्रवारी हे दुपारीच घरी आले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. काय झालं विचारलं तर ताकास तूर लागू देईनात. मी आपलं हातातलं काम करत बसले. एका गिऱ्हाइकाचा लोकरी ओव्हरकोट होता आणि त्याच गठ्ठ्यात तीन हातरुमाल, कडा दुमडायला आलेले. काम झालं तशी एका हातात कोट घेतला, एका हातात रुमाल, आणि मनात हिशोब केला, नग किती? कोट एक, रुमाल तीन. एकाला तीन. आणि कोटाच्या वजनानं माझा हात खाली गेला होता.

मी तशीच कोट-रुमाल घेऊन ह्यांच्यापाशी गेले. मग ह्यांना हलवलं.

"अहो, त्या समीकरणातले आकडे नग आहेत की वजन?"

"म्हणजे?"

"हा कोट धरा. हे रुमाल धरा. मोजून कोण जास्त? आणि वजनाला कोण जास्त?"

त्यांनी धरले. हात बदलून पुन्हा धरले. "पण तुरटी चुन्यापेक्षा एवढी जड कशी असेल? दोन्ही पावडरच," म्हणाले. तेही खरंच होतं. मी परत गोंधळले. मग पुस्तकात अणूंच्या वजनांचा तक्ता सापडला. मापं घेऊन घेऊन मला बेरजा तोंडपाठ. कापडावर खूण करायचा खडू घेतला आणि फरशीवरच मांडायला बसले. दोनदा चुकले, कारण तुरटीच्या पोटात पाण्याचे अठरा कण असतात ते मी धरलेच नव्हते. एका कणाचे अठरा, असे अठरा, म्हणजे नुसत्या पाण्याचेच तीनशे चोवीस. सगळं मिळून एका तुरटीचे झाले सहाशे सहासष्ट. एका चुन्याचे चौऱ्याहत्तर, तिनांचे दोनशे बावीस.

दोनशे बावीस त्रिक सहाशे सहासष्ट.

मी तिसऱ्यांदा गुणाकार केला. नग मोजले तर एकाला तीन, वजन केलं तर तिनाला एक. मुकादम बरोबर होते, पुस्तक बरोबर होतं, आणि हा माणूस बावीस वर्षं बरोबर होता. मी हसायला लागले. हे मात्र खडूच्या आकड्यांकडेच बघत होते.

"मी दुपारी साहेबांना लिहून दिलंय," ते म्हणाले. "माझी चूक झाली, प्रमाण उलटं आहे, मला कामावरून काढा, असं. सही करून."

मी कपाळाला हात लावला. कचेरी बंद झाली होती आणि साहेबांचं घर आम्हाला माहीत नव्हतं.

शनिवारी सकाळी सातला आम्ही दोघं फिल्टरहाउसात पोचलो. वाटलं होतं, कागद मागून घेऊ, माफी मागू, संपलं. तर साहेब चुन्याच्या टाकीपाशीच उभे. हातात ह्यांचा कागद. ह्यांच्या कामावरच्या जोडीदारानं चुन्याची दोन पोती टाकीत ओतली होती आणि तिसरं खांद्यावर होतं. शेजारच्या टाकीत तुरटीचं एकच. साहेबांना वाटलं, लेखी आलंय, कारवाई केली नाही तर आपल्यावर शेकेल. टाकीचा कॉक तेवढा अजून उघडला नव्हता.

मी दारातच थबकले. हे मात्र, ज्यांनी साहेबांसमोर आजवर "हो जी" सोडून शब्द काढला नव्हता, ते लंगडत गेले आणि कॉकच्या चाकाला दोन्ही हातांनी धरून उभे राहिले.

"मामा, बाजूला व्हा. तुमच्याच सहीचा कागद आहे हा."

"सही माझीच आहे साहेब. कागद चुकीचा आहे. असं पाणी सोडलंत तर गावाची जीभ पोळेल."

"काल एक म्हणता, आज दुसरंच. मी कशावर विश्वास ठेवू?"

"माझ्यावर नका ठेवू. पाण्यावर ठेवा."

तेवढ्यात लॅबच्या बाई रजेवरून आल्या. ह्यांनी त्यांना काचेची दोन भांडी मागितली. दोन्हींत नदीचं पाणी. एकात वजनानं तीन भाग तुरटी नि एक भाग चुना, दुसऱ्यात उलटं. बाईंनी तागडीवर तोलून टाकलं आणि ढवळलं. पहिल्यात गाळाचे पुंजके होऊन खाली बसू लागले. दुसरं पांढुरकं, गढूळच राहिलं, आणि त्यात बुडवलेली लाल लिटमस कागदाची पट्टी गर्द निळी झाली. बाई म्हणाल्या, "हे कोणी प्यायलं तर पोटात आग पडेल."

साहेब त्या पट्टीकडे बघत राहिले. मग समीकरणाच्या कागदाकडे. मग परत पट्टीकडे. त्यांचाही आमच्यासारखाच गोंधळ झाला होता. ह्यांनी जमिनीवर बोटानं आकडे काढून त्यांना समजावलं, नग वेगळे, वजन वेगळं, अठरा पाणी, सहाशे सहासष्ट. न अडखळता. बाई म्हणाल्या, मी रोज पाणी तपासते, पण प्रमाण असं का, हे मलाही कोणी सांगितलं नव्हतं. साहेबांनी टाकी रिकामी करायला सांगितली आणि ह्यांचा कागद घडी करून ह्यांच्याच हातात दिला.

"मामा, हे तुम्हाला समजावलं कोणी? कुठल्या क्लासला जाता?"

मला वाटलं, पुस्तकात आहे म्हणतील, सुटतील. ह्यांचा हात चुन्यानं पांढरा झाला होता. तो त्यांनी सगळ्यांसमोर माझ्याकडे केला.

"हिनं," ते म्हणाले. "ही नसती तर आज मीच गावाचा घात केला असता."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला कुठे बघावं ते कळेना, तर मी आपली टाकीत बघत राहिले.