मामा जागा करायचे

मेलेल्या माणसांशी इतक्या अदबीनं बोलणारा माणूस, माझ्या बायकोचे थोरले मामा सोडले, तर मी दुसरा पाहिलेला नाही. साखर कारखान्यातून रिटायर झाल्यावर त्यांनी पाटसच्या स्टँडसमोर टायपिंगचं दुकान काढलं आणि एक जुना कॉम्प्युटर आणला. त्याची हार्ड डिस्क एवढीशी. लग्नपत्रिका, दशक्रियेच्या पत्रिका, स्कॅन केलेले फोटो, सगळा गाव तिच्यात कोंबलेला. त्यामुळे दर चार दिवसांनी ती तुंबायची आणि मामा जागा करायला बसायचे. लग्नं ते बेधडक उडवत. "झालं लगीन, आता त्यांचं त्यांनी बघावं!" एकदा जागेच्या नादात त्यांनी प्रिंटरचाच प्रोग्रॅम उडवला आणि तीन दिवस प्रिंटरला शिव्या घातल्या. पण मयताची फाइल आली की उठून टोपी काढत आणि पडद्यावरच्या फोटोला विचारत, "आबा, जागा पायजेल व्हती. उठता का जरा?" जरा थांबत, होकार ऐकल्यासारखी मान हलवत, मगच बटण दाबत. तेही रिसायकल बिनमध्ये न टाकता, थेट. "माणसाला कचऱ्याच्या डब्यात घालायचं म्हंजी?"

मी या प्रकाराला पोट धरून हसायचो. एका दुपारपर्यंत.

त्या दुपारी भांडगावच्या एका आप्पांची पाळी होती. दौंडच्या रेल्वेत गँगमन होते. ते वारल्यावर पुण्यानुमोदनाच्या पत्रिकेसाठी त्यांचा फोटो स्कॅन केलेला. मामांनी विचारलं, थांबले, बटण दाबलं. पडद्यावर इंग्रजी पाटी आली. मी वाचून सांगितलं, "ही फाइल दुसरी व्यक्ती किंवा प्रोग्रॅम वापरतोय, असं म्हणतंय."

"दुसरी व्यक्ती कोण?"

दुकानात आम्ही दोघंच होतो. फोटो उघडा असेल म्हणून मी तो बंद केला. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. तीच पाटी. मी शहाण्यासारखी कारणं सांगत राहिलो, पण माझाच आवाज मला परका वाटू लागला. बाहेर उसाचे ट्रॅक्टर धडधडत होते.

"ऱ्हाऊ द्या, पाव्हणं," मामा हळू आवाजात म्हणाले. "त्यांचं कायतरी काम हाय अजून."

जागेसाठी त्यांनी स्वतःच्या नातीच्या बारशाचे फोटो उडवले. मामींनी आठवडाभर अबोला धरला.

पंधरा दिवसांनी एक म्हातारी दुकानात आली. "जयभीम, मामा. मी भांडगावची. आमच्या मालकांचा फोटु तुमच्याकडं दिला व्हता पत्रिकेला. शेजारच्या उसाचं पाचट पेटलं, त्यात आमचं छप्पर गेलं. फोटु बी गेला. दुसरा न्हाई. तुमच्याकडं हाय का वो?"

मी मामांकडं पाहिलं. मामांनी फोटो उघडला. म्हातारीनं पडद्याच्या काचेला हात लावला. "तोंड इसरत चालले व्हते बघा," ती म्हणाली.

मामांनी दोन प्रती काढून दिल्या. त्या पिशवीत नीट ठेवून तिनं पडद्याकडं पुन्हा पाहिलं. "ह्ये हितं किती दिस ऱ्हायचे?"

"तुम्ही म्हणाल तवर, ताई."

"न्हाई, नको. चला म्हणावं आता घरी."

मामांनी बटण दाबलं. या वेळी पाटी आली नाही. फाइल मुकाट गेली.

म्हातारी एसटीत चढेपर्यंत मामा दारात उभे होते. मग आत येऊन खुर्चीवर टेकले. माझ्याकडं न बघताच म्हणाले, "दुकान लई मोकळं मोकळं वाटतंय, पाव्हणं."