दोन बोटं काच

दातार साहेब गाडीची काच दोनच बोटं खाली करायचे. बाहेर सरपंच असो की रस्ता सांगणारा गुराखी, त्याने वाकून त्या फटीला तोंड लावायचं आणि साहेबांनी आतून "हं, हं" म्हणायचं. काच वर गेली की त्या गावाची पाहणी झाली.

पाहणी कसली, तर विजेवर चालणाऱ्या गाड्या वाढणार म्हणून गोंदिया जिल्ह्यात चार्जिंगची केंद्रं कुठे कुठे असावीत याचा आराखडा साहेबांना करायचा होता. पुण्याच्या एका कंपनीने त्यांना पाठवलेलं. मी गोरेगावकडचा, नववीतून शाळा सोडलेला, त्यांच्या भाड्याच्या गाडीवरचा ड्रायव्हर. गाडी डिझेलची. यावर मी एकदा हसलो, तर साहेब म्हणाले, "आराखडा विजेचा आहे. पाहणी कशाने करायची, ते त्यात येत नाही." पुन्हा मी हसलो नाही.

त्यांच्याबद्दल असं लिहिताना मला धाकधूक वाटते. कोणी वाचून त्यांच्या कानावर घातलं तर? आज पुण्यात माझी खोली आहे, पोरगी शाळेत जाते, ते त्यांच्या एका फोनमुळे. देवाला हात जोडताना मी त्यांचंही नाव घेतो. पण ज्याचं मीठ खाल्लं तो माणूस खारट होता, हे काही खोटं होत नाही.

साहेबांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "जागा बघायची तर माणसं नसताना बघावी. माणसं हलतात, जागा हलत नाही." हे ते इतक्या गंभीरपणे म्हणायचे की पहिल्या आठवड्यात मलाही त्यात काहीतरी मोठं आहे असं वाटलं. खरी गोष्ट एवढीच होती की त्यांना गर्दीचा कंटाळा होता. म्हणून पहिल्याच दिवशी त्यांनी मला कोणत्या गावाचा बाजार कधी भरतो ते विचारून घेतलं. मला वाटलं, माणूस हुशार आहे, बाजाराच्या दिवशी जाऊन गाड्या मोजणार. त्यांनी नेमका तो दिवस सोडून प्रत्येक गावाचा दौरा लावला.

मग व्हायचं ते झालं. ज्या गावात जावं तिथे रस्त्याला लागून मोठं, सपाट, रिकामं मैदान. बाजूलाच विजेची डीपी. साहेब खूश. टॅब उचलून काचेआडूनच फोटो काढायचे आणि म्हणायचे, "बघ, किती उत्तम जागा वाया चालली आहे." ती सगळी बाजाराची मैदानं होती. नागऱ्याच्या शिवमंदिराजवळचं मोकळं पटांगणही त्यांनी असंच टिपलं. शिवरात्रीला तिथे पाय ठेवायला जागा नसते, असं मी सांगितलं. ते म्हणाले, "वर्षातून एक दिवस ना?" फोटो काचेतून घेतलेले, त्यामुळे प्रत्येक फोटोत साहेबांचा चष्मा पुसट दिसायचा. अख्ख्या जिल्ह्यावर एक चष्मा तरंगतो आहे, असा तो आराखडा होता.

कोहमाऱ्याला हायवेच्या नाक्यावर रात्रंदिवस गाड्या थांबतात. तिथल्या ढाबेवाल्याने फटीला तोंड लावून सरळ विचारलं, "साहब, गाडी जहाँ रुकती है वहीं लगाओ ना. हमारे पीछे इत्ती जगह पडी है." साहेबांनी काच वर घेतली आणि मला समजावलं, "गाड्या थांबतात तिथे गर्दी असते. गर्दीत नियोजन होत नाही." ढाबेवाला मला आरशात दिसला. तो हात झटकत माघारी जात होता, माशी हाकलावी तसा.

मग माझ्याच गोरेगावची पाळी आली. बाजाराच्या मैदानात डीपीशेजारी चिंचेचं झाड आहे. त्या झाडाखाली माझी माय मुरमुरे-फुटाणे विकायला बसते. माझ्या आजीची ती जागा, मग मायची. गिऱ्हाईक झाड बघून येतं. साहेबांनी बरोबर तिथेच बोट ठेवलं. मी म्हणालो, "साहेब, इथे बाजार बसते. झाडाखाली बाया बसतात."

"आत्ता कोणी दिसतंय का?"

कोणी नव्हतं. एक कुत्रं झोपलं होतं. साहेब म्हणाले, "तू रस्त्याकडे बघ."

आराखडा मंजूर झाला. पहिला मान गोरेगावला. चिंचेखाली सिमेंटचा ओटा बांधला, त्यावर चार्जिंगचा खांब आणि भोवती जाळी लावायची होती. माय त्या ओट्यावरच कापड अंथरून बसू लागली. दुसरीकडे जागा होती ती नालीच्या काठाची, आणि नालीच्या काठचे मुरमुरे कोण घेईल? काम अडलं. वरून साहेबांना फोन गेला, आणि साहेब जन्मात पहिल्यांदा बाजाराच्या दिवशी गोरेगावला आले. गाडीवर पुन्हा मीच.

गाडी मैदानात शिरेना. टोपल्या, सायकली, बकऱ्या, आणि चहूकडून माणसं काचेला नाक लावून आत बघताहेत. साहेबांना घाम फुटला. कशीबशी चिंचेपर्यंत गाडी नेली. साहेबांनी दोन बोटं काच खाली केली आणि म्हणाले, "बाई, ही शासनाची जागा आहे. उठावं लागेल."

मायने मला बघितलं, पण ओळख दाखवली नाही. पोराची नोकरी तिला कळत होती. साहेबांना म्हणाली, "काच पुरी खाली करा जी. फटीतून का बोलून राहिले? मी का चावतो तुमाले?"

बाजूच्या बाया फिदीफिदी हसल्या. एक म्हणाली, "राहू दे वं, साहेबाले हवा लागंल." साहेबांनी काच वर घेतली. आणि मला विचारलं, "कोण आहे ही बाई?"

मी स्टेअरिंगकडे बघत म्हणालो, "माझी माय."

साहेबांनी गाडी वळवायला सांगितली. कोहमाऱ्याला थांबवली. तिथे म्हणाले, "जागा आता बदलत नाही. पण तुझी सोय करतो. पुण्यात आमच्या चार्जिंग डेपोवर माणूस लागतो. आईला समजाव." एक फोन लावला, आणि माझी नोकरी झाली. एवढं सोपं असतं ते. माझे हात खरोखर जोडले गेले.

घरी येऊन मी मायला सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं, सुपातले फुटाणे पाखडत राहिली, मग म्हणाली, "एक खांब गाडाले त्यानं दोन माणसं उपटले." दुसऱ्या बाजाराला ती नालीकडे जाऊन बसली.

खांब अजून आहे. बाजाराच्या दिवशी गाडी तिथवर पोचत नाही, आणि एरवी तिथे थांबायला कोणाला काही काम नसतं. माय फोनवर सांगते, जाळीवर लोक पिशव्या अडकवतात.

मागच्या महिन्यात आमच्या डेपोवर एक नवी कोरी विजेची गाडी आली. काच दोन बोटं खाली झाली. मला कळलंच. त्यांना कळलं नाही. त्यांनी मला नेहमी मागच्या सीटवरून, पाठमोरा पाहिलेला. मी प्लग लावला, मशीन सुरू केलं. पाया पडावं असं मनात येत होतं, आणि काचही फोडावी असं.

माझ्या बोलण्यावरून फटीतून प्रश्न आला, "कुठला रे तू?"

"गोंदिया जिल्हा, साहेब. गोरेगाव."

"वा. तिथला आराखडा मीच केला," साहेब म्हणाले. "फार मोकळा जिल्हा. माणूसच दिसत नाही."

"हो साहेब," मी म्हणालो. काच वर गेली, आणि तिच्यात मला माझंच तोंड दिसलं.