भुरीची पाठ

लग्न होऊन गडब गावी येईपर्यंत मी जिवंत कोंबडी हातात धरली नव्हती. माहेर पेणचं, वडील शिक्षक, घरात अंडंसुद्धा येत नसे. सासरी भातशेती, दोन बैल आणि मागच्या अंगणात सासूबाईंच्या सात कोंबड्या. नवरा रोह्याला कंपनीत शिफ्टला जायचा, मी गावातल्या शाळेत शिकवायचे. सकाळी खुराड्याची फळी काढायची आणि पटकन बाजूला व्हायचं, एवढाच माझा कोंबड्यांशी संबंध.

एका वर्षी भाताच्या झोडणीच्या दिवसांत खळ्यावर दाणे टिपत असलेल्या भुऱ्या कोंबडीच्या पायावर बैलाचा खूर पडला. पाय मोडला नव्हता, पण चांगलाच सुजला. ती एका पायावर उड्या मारत चालू लागली. सासूबाईंनी तेलात हळद कालवून लावली, चिंधी बांधली.

"जगली तर जगली," त्या म्हणाल्या.

ती जगली. पण दोन दिवसांनी मी शाळेतून आले, तर ती न्हाणीच्या चुलीमागे भिंतीला चोच लावून बसलेली. पाठीवरची पिसं उपटलेली, मुठीएवढी कातडी उघडी पडलेली, त्यावर सुकलेलं रक्त. मी घाबरून ओरडले, "आई, मुंगूस आलं होतं!"

सासूबाईंनी येऊन पाहिलं. "मुंगूस नाय गो. घरातल्याच हायत. लंगडी झाली ना ती, आता टोचणारच तिला."

मला ते खरं वाटेना. बाकीच्या सहा जणी तर शेणकीच्या उकिरड्यापाशी निवांत उकरत होत्या. पुढच्या रविवारी मी मुद्दाम मागच्या दारात तांदूळ निवडत बसले. भुरी खाली सांडलेल्या दाण्यांकडे सरकली आणि तांबडी धावून आली. तांबडी म्हणजे सासूबाईंची लाडकी, रोज अंडं देणारी. तिनं भुरीच्या नेमक्या त्या जखमेवर चोच मारली. मग काळी आली, मग दुसऱ्या. भुरी पळाली नाही, ओरडलीही नाही. मान खाली घालून बसून राहिली. तिच्या त्या बसण्यानं मी जास्तच गोंधळले. वर्गात कुणी कुणाला मारलं तर मारणाऱ्याला पुढच्या बाकावर बसवायचं, हे मला ठाऊक होतं. इथे कुणाला काय सांगायचं?

शाळेतल्या औषधांच्या पेटीत असते तशी एक बाटली घरीही होती. त्यातलं लाल औषध मी रोज संध्याकाळी भुरीच्या पाठीला लावू लागले. आणि जखम वाढतच गेली. मी लावायचे, सकाळी ती बाहेर पडायची, दुपारी पाठ पुन्हा रक्ताळलेली. चौथ्या दिवशी तर मानेखालचीही पिसं गेली.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी तिला कापडी पिशवीत घालून एसटीनं पेणला, गुरांच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या वयस्क कंपाउंडरनी तिची पाठ पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं.

"बाई, हे लाल कुणी लावलं?"

"मी. रोज लावते."

"कोंबडीला लाल दिसलं की ती टोचते. तुम्ही रोज खूण करून देताय त्यांना. हे जांभळं लावा आणि बरी होईस्तोवर वेगळी ठेवा."

परतीच्या गाडीत पिशवी माझ्या मांडीवर होती. चार दिवस तिला मार बसला, त्यात माझा हात होता. तरी रोज संध्याकाळी माझी बोटं लागताच ती शांत व्हायची. तिला राग कसा आला नाही, हे मला कळत नव्हतं. कोंबडीला राग येतो की नाही, हेही कळत नव्हतं.

तीन आठवडे ती मागच्या पडवीत बांबूच्या डालग्याखाली राहिली. मी भिजवलेले तांदूळ घालायचे, पाणी बदलायचे. माझी चाहूल लागली की ती डालग्यातून मान बाहेर काढायची. नवरा म्हणाला, "फार माणसाळवू नको. शेवटी त्यांच्यातच जायचंय तिला."

पाठीवर नवी पिसं आली, तेव्हा मी तिला अंगणात सोडलं. पाच मिनिटंसुद्धा नाहीत, तांबडी तिच्या अंगावर! जणू कुठून तरी परकी कोंबडी घुसली होती.

त्याच आठवड्यात रोह्याजवळच्या अष्टमी गावाहून नणंद आली. तिलाही अंडी देणारी एक कोंबडी हवी होती. मी लगेच म्हटलं, "तांबडी न्या."

सासूबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "अंडी देते ती पाठवायची नि लंगडी ठेवायची? शिकलेल्यांचं डोकं मला नाय कळत." पण लेकीपुढे त्या फार बोलल्या नाहीत. तांबडी गेली. दोन दिवसांत अंगण शांत झालं. भुरी लंगडत का होईना, सगळ्यांबरोबर दाणे टिपू लागली. मी खूश होते. प्रश्न सुटला होता.

महिन्याभरानं नणंदेकडे पूजेला गेलो. हात धुवायला मागे गेले, तर मोरीच्या भिंतीला चोच लावून एक कोंबडी बसलेली. पाठ उघडी, मान सोललेली. मी तिला ओळखलंच नाही.

"वहिनी, ही तुमची तांबडी," नणंद म्हणाली. "आल्यापासून अंडं नाय. आमच्या चौघी तिला दाण्याजवळ येऊच देत नाहीत."

खरं सांगायचं तर क्षणभर मला बरं वाटलं. आता कळलं ना, असं मनात आलं. कोंबडीला! मग माझीच मला लाज वाटली. ती अगदी तशीच बसली होती, मान खाली घालून. मी नणंदेकडून पिशवी मागून घेतली.

घरी पिशवी उघडल्यावर सासूबाई हसल्या. "आता कुणाची बाजू घेणार गो तू?"

मी तांबडीला पडवीत नेलं. तेच डालगं, तेच जांभळं औषध. तांबडीही माझ्या हाताखाली तशीच शांत बसायची.

तिची पिसं आल्यावर मी तिला सोडलं. सगळ्यांत आधी पुढे आली ती भुरी. लंगडत लंगडत आली आणि तिनं तांबडीच्या मानेवर चोच मारली. तांबडीनं अंग चोरलं. मी खराटा उचलून धावले आणि मध्येच थांबले. हाकलायचं कुणाला?

"हो बाजूला," सासूबाई दारातून म्हणाल्या. "त्यांचं त्यांना बघू दे."

मी बाजूला झाले, पण आत गेले नाही. भुरीनं आणखी दोनदा चोच मारली. रक्त आलं नाही. चार दिवस असं चाललं आणि मग थांबलं. का थांबलं, कुणालाच सांगता आलं नाही. तांबडी पुन्हा अंडी देऊ लागली, पण एक दिवसाआड. भुरी अंड्यांवर खुडूक बसली आणि तिनं नऊ पिल्लं काढली. पिल्लं घेऊन ती फिरायची तेव्हा तांबडीला जवळ फिरकू देत नसे.

नवऱ्यानं एकदा विचारलं, "मग, तुझी भुरी जिंकली म्हणायची?"

"माहीत नाही," मी म्हटलं. आणि मला खरंच माहीत नव्हतं.